वरच्या दुधावरचं बाळ, नागपूरचं विमान आणि जांभळी नाक्यावरचा थर्मास

जुलैत आम्ही नातीला घेऊन पहिल्यांदा विमानाने नागपूरला गेलो तेव्हा ती पावणेतीन महिन्यांची होती. नागपूर हे सूनबाईचं माहेर. तिच्या दुधासाठी गरम पाणी विमानात मिळेल, असं फोनवर कळलं होतं आणि त्या भरवशावर आम्ही निघालो. दिवाळीत दुसऱ्यांदा गेलो तेव्हा माझ्या पिशवीत अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास होता. त्या थर्मासबद्दल लिहायचंय, पण आधी जुलैचं सांगते, म्हणजे तो का घेतला ते कळेल.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात. दर ऑगस्टला स्तनपान सप्ताहाचे तक्ते मी स्वतःच्या हाताने भिंतीवर लावलेत. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्या, हे किती जणींना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही. आणि माझीच नात पावडरच्या दुधावर आहे, कारण बाळंतपणानंतर सूनबाईला जे औषध सुरू करावं लागलं त्यासाठी डॉक्टरांनीच अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं. पोरीने दहा-बारा दिवस उशीत तोंड घालून रडून काढले. हे लिहिते आहे, कारण त्या विमानात पलीकडच्या रांगेतल्या एका बाईने तिला ऐकू जाईल असं विचारलं, "अंगावर पाजत नाही का?" सूनबाईचा चेहरा उतरला. ती काही बोलली नाही. मीच म्हटलं, "ताई, डॉक्टरांनी सांगितलंय." एखादी आई बाटली काढताना दिसली तर कृपा करून हा प्रश्न विचारू नका.

तर जुलै. दुपारचं विमान होतं. घरून निघताना दोन बाटल्या दूध तयार करून घेतलं होतं, सूनबाईच्या हट्टापायी आणि माझ्या नाइलाजाने. पावसाने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड तुंबलेला. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनला पोचलो तर विमानाला दोन तास उशीर. तयार केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, नाहीतर ओतून द्यायचं, हा नियम मी आयुष्यभर पाळला, तो नातीसाठी कसा मोडणार? एक बाटली तिने अर्धी प्यायली, बाकी सगळं बेसिनमध्ये ओतलं. विमान सुटलं आणि ती भुकेने रडायला लागली. सीटचा पट्टा बांधायचा दिवा लागलेला, ढगांत हादरे बसत होते. कर्मचारी मुलगी म्हणाली, "आजी, दिवा विझेपर्यंत आम्हाला गरम पाणी देता येत नाही." तिचं बरोबरच होतं. हलत्या विमानात उकळतं पाणी घेऊन कुणी उठूच नये. दिवा विझला, मग कागदी पेल्यात पाणी आलं, ते कोमट. त्यात पावडर घालायला माझा हात धजेना.

हे जरा खुलासेवार सांगते, कारण चांगल्या शिकलेल्या घरांतही हे माहीत नसतं. पावडरचा डबा सीलबंद असला तरी पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात. धडधाकट मोठ्यांना त्याचं सहसा काही नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते जिवावर बेतू शकतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या सूचनांत सांगितलंय की पाणी उकळून घ्या आणि पावडर मिसळताना ते ७० अंशांच्या खाली नको. तेवढ्या उष्णतेने जंतू मरतात. मग ते दूध बाळाला सोसेल इतकं गार करायचं. कोमट पाण्यात पावडर ढवळली की दूध लगेच पाजता येतं खरं, पण त्यात जंतू मरत नाहीत. बाळ वेळेआधीचं किंवा कमी वजनाचं असेल तर यात अजिबात सूट घेऊ नका.

नात पंचवीस मिनिटं रडली. शेवटी दुसऱ्या पेल्यात वाफाळतं पाणी मिळालं, पण तोवर विमान उतरायला लागलं होतं आणि कानाच्या दड्यांनी ती आणखीच कळवळली. नागपूरला विहीणबाई दारात पाणी उकळून उभ्या होत्या.

ठाण्याला परत आल्यावर चौथ्या दिवशी मी जांभळी नाक्यावरच्या एका भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराला सरळ सांगितलं, चहासाठी नको, बाळाच्या पाण्यासाठी हवाय. त्याने चार थर्मास काढून ठेवले. बटण दाबून धार येणारा मी बाजूला सारला. त्या बटणाच्या आतल्या खाचांमध्ये पाणी साचून राहतं, तिथे ब्रश पोचत नाही. मला साधं फिरकीचं बूच हवं होतं, वायसर बोटाने काढता येईल असं, आणि तोंड एवढं रुंद की हात नाही तरी बाटलीचा ब्रश तळापर्यंत फिरला पाहिजे. तसा ५०० मिलीचा मिळाला, आतून ३०४ नंबरच्या स्टीलचा, साडेसातशे रुपयांना. कंपनी लिहीत नाही, कारण या घडणीचे थर्मास तीन-चार कंपन्यांचे तिथेच होते. घडण पाहून घ्या.

पहिला जो आणला तो बदलावा लागला. उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावला तर खालचा भाग चांगला गरम. याचा अर्थ दोन भिंतींमधली पोकळी हवाबंद राहिलेली नाही. धड थर्मास बाहेरून थंड लागतो, आत पाणी नुकतं उकळलेलं असलं तरी. ही परीक्षा घरी आणल्या आणल्या करा, पावती फाडायच्या आधी. दुकानदाराने काही न बोलता दुसरा दिला.

दुसऱ्याची मी घरी पुरती परीक्षा घेतली. मुलाकडे स्वयंपाकातला टोचायचा थर्मामीटर आहे. आधी थर्मासमध्ये उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवलं, ते ओतून दिलं आणि मग पुन्हा खळखळतं पाणी काठोकाठ भरलं. दोन तासांनी ८७ अंश, चार तासांनी ८०, सहा तासांनी ७३. आठव्या तासाला ७० च्या खाली गेलं. म्हणजे घरून भरून निघालं तर सहा तास बिनघोर. आधी गरम न करता भरला त्या दिवशी चार तासांनाच ७४ वर आला होता, म्हणून ती पाच मिनिटं वाचवू नका. अर्धा भरलेला थर्मासही लवकर निवतो. आणि आत फक्त पाणीच. आमच्या ह्यांना मॉर्निंग वॉकला तलावपाळीवर चहा न्यायचा होता त्यातून, मी दिला नाही. चहाचा वास वायसरला धरला की सुटत नाही.

दिवाळीतला प्रवास आता. नात सहा महिन्यांची, एका वेळी १८० मिली घेणारी. दहा वाजता थर्मास भरला, सव्वादहाला निघालो. २०२४ मध्ये मुंबईत शिरतानाच्या आनंदनगर नाक्यावर लहान गाड्यांचा टोल बंद झाला तरी त्या जागी गाड्या रेंगाळतातच, त्यामुळे वेळ हाताशी ठेवूनच निघतो. पिशवीत उकळून, कोरड्या करून, टोपणं लावलेल्या चार बाटल्या, पावडरची तीन कप्प्यांची डबी, शिवाय पावडरचं एक न फोडलेलं पाकीट. हे सगळं हातातल्या सामानात ठेवलं, खाली टाकायच्या बॅगेत नाही. लागतील त्यापेक्षा दोन वेळचं दूध जास्तीचं धरायचं, हे जुलैने शिकवलं.

काउंटरवर नातीचा जन्मदाखला मागितला. आमच्या रांगेत त्या बाजूला आधीच एक तान्हं बाळ होतं, म्हणून आमच्या जागा बदलल्या. बऱ्याच विमानांत तीन सीटांवर ऑक्सिजनचे मास्क चारच असतात, त्यामुळे एका बाजूला मांडीवरचं एकच बाळ बसवतात. आत सुरक्षा तपासणीला सीआयएसएफच्या मुलीने थर्मास बाजूला काढला. "बाळाचं पाणी आहे, उकळतं आहे, जपून," मी म्हटलं. तिने मलाच बूच उघडायला लावलं, वाफ पाहिली, डबीतली पावडर पाहिली आणि जाऊ दिलं. परदेशच्या प्रवासात द्रवाची १०० मिलीची मर्यादा असते, पण बाळाचं दूध-पाणी प्रवासापुरतं नेता येतं. तेवढं त्यांना आपणहून सांगावं आणि वेगळं काढून ठेवावं.

पावणेबाराला बेबी केअर रूमच्या बाहेर बसून पहिलं दूध केलं. आधी पाणी, मग पावडर, सपाट चमचे मोजून, डब्यावर लिहिलंय तसं. इथे थर्मासची उणीव कळली. रुंद तोंडामुळे धार पसरते. अरुंद गळ्याची बाटली असेल तर पाणी हातावर येईल, आणि ते ८० अंशांच्या वरचं पाणी आहे. रुंद तोंडाच्याच बाटल्या घ्या, आणि ओतताना बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात, तोंड पलीकडे करून असू द्या. एकट्या आईने हे मांडीवर बाळ घेऊन करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. भाजलेली बाळं मी वॉर्डात पाहिलीत.

विमानात खिडकीशी सूनबाई, मधे मी, कडेला हे. नातीला आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा दिला. विमान वर जाताना ती झोपली होती, तिला उठवलं नाही. दोन-वीसला, पट्ट्याचा दिवा विझलेला आणि विमान स्थिर असताना मी तयारीला लागले, आणि डबीचं झाकण उघडताच फट् झालं. पावडर उडून माझ्या निळ्या साडीवर चांदणं पसरल्यासारखी सांडली. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. तिच्याही वरच्या हवेत बसलेलो असतो आपण. ठाण्यात घट्ट लावलेल्या डबीतली हवा तिथे फुगते. सांडलेलं किती गेलं ते कळणार नाही, म्हणून तो कप्पा मी वापरलाच नाही, दुसरा घेतला. तो उघडताना आधी झाकणाची एक कड जराशी उचलून हवा जाऊ दिली. टोपण लावलेली भरलेली बाटली असेल तर तीही अशीच हळू सैल करायची, नाहीतर निपलमधून दूध उडतं.

दूध गार करायला मी घरून मोठं फुलपात्र नेलं होतं. कर्मचाऱ्याकडून थंड पाणी आणि बर्फाचे चार खडे मागितले, त्याने लगेच दिले. बाटली त्यात उभी धरून गोल गोल फिरवत राहायचं, एकदा पाणी बदलायचं. दहा मिनिटं लागली. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहिला, नुसता कोमट. टोपण लावून बाटली हातात धरून बसले.

पावणेतीनच्या सुमारास विमान उतरायला सुरुवात झाल्याचं सांगितलं आणि मी सूनबाईला म्हटलं, "अगं, आता दे." बाळांच्या कानाकडून घशाकडे जाणारी नळी अरुंद आणि आडवी असते, दाब बदलला की ती चटकन उघडत नाही. चोखताना, गिळताना ती उघडते. म्हणून दूध उतरताना द्यायचं, आधी देऊन संपवायचं नाही. नात डोळे मिटून पीत होती, कानाशी गेलेली तिची मूठ हळूहळू सैल होत गेली. खाली शेतं दिसायला लागली तेव्हा बाटलीत तीस-एक मिली उरलं होतं. चाकं टेकल्याचा धक्का बसला तेव्हा तिने एकदा डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि पुन्हा चोखायला लागली. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पलीकडच्या रांगेतून या वेळी कुणी काही विचारलं नाही.

पावडरची कंपनी कोणती, असं मला बऱ्याच जणींनी विचारलंय. ते मी सांगणार नाही. १९९२ च्या कायद्याने या दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी. तुमच्या बाळाला कोणतं, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. थर्मास मात्र विचारून घ्यायची गरज नाही. तीन महिन्यांत मला एकच खर्च आला, वायसर जरा सैल झाली म्हणून वीस रुपयांची नवी घातली. त्याच दुकानात सुटी मिळते. मोठा प्रवास असेल तर मी पाऊण लिटरचा घेईन, कारण ५०० मिलीत सहा महिन्यांच्या बाळाच्या दोनच वेळा बसतात आणि थोडं उरतं. वजनाला तो जड आहे, भरल्यावर खांद्याला जाणवतो.

परतीला विहीणबाईंनी तीन वाजता थर्मास भरून दिला. संध्याकाळचं विमान, पुन्हा तसंच उतरतानाचं दूध, रात्री घरी. नात झोपल्यावर अकरा वाजता उरलेलं पाणी मोजलं. ६१ अंश होतं. दुधाला चालणार नव्हतं, म्हणून त्याने दिवसभराच्या बाटल्या विसळून घेतल्या.