सरकारी पाळणाघर : इंदूरमधील एक अनुभव
आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या दोन वर्षांच्या मुलीला सोडण्या-आणण्याच्या निमित्ताने इंदूरमधील एका अंगणवाडी-सह-पाळणाघरात महिनाभर माझे जाणे झाले. 2022 पासून मिशन शक्ती या केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली चालणाऱ्या ‘पालना’ या पाळणाघर योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची मुले घेतात आणि मध्य प्रदेशात खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्र, तर 40 टक्के राज्य उचलते. तिथल्या सेविका मुलांना मांडीवर घेऊन मऊ खिचडी भरवतात. ही माया भरपूर पैसे मोजूनही क्वचितच मिळते. मात्र वजनकाटा बिघडल्यामुळे वहीत मागच्या महिन्याचेच आकडे उतरवले जात होते, हे मला मुळीच पटले नाही. शिवाय बाईंचे शेवटचे घर आटोपण्याआधीच दाराला कुलूप लागते, त्यामुळे संध्याकाळी मुलगी आमच्याच ओट्यापाशी पेंगत बसते.