काजवे बघायला निघालो आणि १९,८४० रुपयांना बुडालो

आकडा आधीच सांगून टाकते: १९,८४० रुपये. दोन-तीन हजार गेले असं सांगून लाज झाकण्यात अर्थ नाही, सासूबाईंनी भिशीच्या बायकांना खरा आकडा केव्हाच सांगितलाय. त्यातून मी पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. "काका, ओटीपी कुणाला देऊ नका" हे दिवसातून दहादा बोलणारी बाई मी. आणि ओटीपी मी दिलाच नाही. पिन टाकला. स्वतःच्या बोटांनी, तीनदा.

भंडारदरा ठरलं होतं. जूनचा पहिला शनिवार, धरणाकाठी तंबू, रात्री काजवे. मोठी आठ माणसं, मुलं चार. काजव्यांचा मोसम म्हणजे पावसाच्या तोंडावरचे दोन-तीन आठवडे. हिरडा, बेहडा, सादडा रात्रभर लुकलुकतात आणि पाऊस एकदा जोरात लागला की खेळ संपला. त्यामुळे त्या शनिवार-रविवारी तिथे मुंगीला जागा नसते. धरणाजवळच्या शेंडी आणि घाटघरकडच्या तीन ठिकाणी फोन केले. दोघांकडे फुल्ल, तिसरा रेंजबाहेर. हे एवढं लिहितेय कारण घरातले सगळे आता शहाणे होऊन विचारतात, "गावातल्या माणसाला का नाही विचारलंस?" विचारलं होतं! डोंगरात रेंज नसते म्हणून खऱ्या माणसाचा फोन लागत नाही. ज्याने पहिल्या रिंगला उचलला तो भामटा निघाला.

मॅपवर त्याच्या कॅम्पला ४.८ स्टार, शेकड्यांनी रिव्ह्यू. आता वाचते तेव्हा दिसतं, सगळे एकाच हातचे: जेवण मस्त, स्टाफ छान, नक्की जा. रस्ता खराब आहे, चहा गार होता, मच्छर चावले, असं एकानेही लिहिलेलं नाही. खऱ्या माणसाच्या रिव्ह्यूत कुरकुर असते. कुरकुर नसेल तर पुढे जा.

मोठ्यांना १,२०० आणि मुलांना ६०० प्रमाणे बारा हजार झाले. अर्धे ॲडव्हान्स, म्हणून मंगळवारी ६,००० पाठवले. बुधवारी सकाळी "फॉरेस्ट पास" आला: माणशी १२० प्रमाणे १,४४० आणि दोन गाड्यांचे ४००, एकूण १,८४०. हिशोब इतका चोख मांडलेला की माझ्यासारखीला बरंच वाटलं. तेही पाठवले.

मग बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मी डबा उघडला होता, एका हाताला भाजीचा रस्सा, दुसऱ्या हातात फोन. "मॅडम, सिस्टीम हाफ पेमेंट नहीं ले रहा. पूरा बारह हजार एक साथ डालिए, पहलेवाला छह हजार अपने आप वापस आएगा." हा जुनाच डाव आहे, तुम्ही सगळे जाणता, मीही जाणत होते. तरी त्याने पाठवलेला कोड स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. कॅम्पचं नाही, भंडारदरा ज्यात येतं त्या अकोले तालुक्यातल्या कुणाचं असावं असंही नाही. विचारलं तर म्हणाला, "अकाउंटंट का है." काउंटरवर एखाद्या खातेदाराने मला हे सांगितलं असतं तर मी स्लिप परत केली असती. त्या दिवशी मी डाव्या हाताने पिन टाकला, कारण उजवा खरकटा होता. हे दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. निदान हात धुवायला उठले असते तरी दोन मिनिटं डोकं चाललं असतं.

सहा हजार परत आले नाहीतच. "सर्वर डाउन है, कॅम्प पे कॅश दे देंगे." मुलांनी तोवर वर्गात सांगून टाकलं होतं, दिरांनी रजा टाकली होती. मी कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

पण नाव वगैरे सोडा, मी कॅम्पच्या फोटोतच पकडायला हवं होतं. फोटोत काठोकाठ भरलेलं पाणी, मागे हिरवागार सुळक्यासारखा डोंगर, पुढे रांगेने तंबू. लग्नाआधी मी भंडारदऱ्याला जूनमध्येच गेले होते. उन्हाळाभर प्रवरेच्या आवर्तनांना पाणी सोडून सोडून धरण खाली गेलेलं असतं, काठाला भेगा पडलेला गाळ असतो, डोंगर तांबडे-करडे. हे मला माहीत होतं. मी स्वतःशी म्हणाले, पावसाळ्यातला फोटो लावला असेल. चोराच्या वतीने खुलासा मीच केला. शिवाय रात्री डीजे असेल असंही तो म्हणाला होता. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, काजव्यांच्या दिवसांत, डीजे!

शनिवारी कसारा घाट, घोटी, बारी करत पोचलो. वनखात्याच्या नाक्यावर मी ऐटीत मोबाइलवरचा पास दाखवला. तिथल्या माणसाने तो मोठा करून पाहिला, फोन परत दिला आणि पावती फाडायला घेतली. "ताई, असला पास मी आजवर बघितला नाही." तिथे पैसे पुन्हा भरले, ते १९,८४० मध्ये धरलेले नाहीत.

मॅपवरच्या पिनने आम्हाला नेलं ते राब भाजून काळ्या पडलेल्या भातखाचरात. तंबू नाही, दिवा नाही, बांधावर एक म्हातारबाबा. आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तंबू इचारताय ना? आजची तिसरी गाडी तुमची." दिरांनी माझा फोन घेतला, फोटो बघितला आणि इतकंच म्हणाले, "वहिनी, हा तुंग किल्ला आहे. हे पवना धरण." पवना म्हणजे लोणावळ्याच्या बाजूचं, मावळातलं. आमचा भंडारदरा प्रवरेवर. तुंग ते चारदा चढलेत. फोटो मी आधी त्यांना पाठवला असता तर बुधवारीच वाचलो असतो. जायच्या आधी फोटो एखाद्या ट्रेकरला दाखवा; डोंगराचा आकार खोटा बोलत नाही.

त्या बाबांच्या ओसरीवर रात्र काढली, पिठलं-भाकरी खाल्ली. काजवे दिसले. मुलं खूश होती. मी झाडांकडे धड पाहिलंही नाही.

आता सरकारी कथा. शेंडीत एक काडी रेंज मिळाली तेव्हा १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. अकरा मिनिटं धून ऐकल्यावर पलीकडून पहिला प्रश्न: "बुधवारचं आज सांगताय?" बुधवारी मला ठाऊक असतं तर शनिवारी मी खाचरात उभी असते का? पण तुम्ही लक्षात ठेवा: शंका आली की त्याच मिनिटाला १९३०, लाजत बसायचं नाही. यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा, तो नसेल तर ते पुढे सरकतच नाहीत.

बँकेला रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तीन कामाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकावर बोजा नाही म्हणून. उत्तर आलं, ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांना लागू, पिन तुम्ही टाकलात. बरोबरच आहे, मीही काउंटरवर हेच सांगितलं असतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

पोलीस ठाण्यात सोमवारी अडीच तास बसले. पहिले साहेब म्हणाले, प्रकार अकोले तालुक्यातला, तिकडे जा. पैसे माझ्या खात्यातून, माझ्या टेबलावरून गेले, तिकडे कशी जाऊ? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मी छापूनच नेलं होतं: गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. साहेबांनी कागद उलटा करून मागचीच बाजू पाहिली. दुसऱ्यांनी पासबुकाची प्रत मागितली, मग आधारची, मग अर्ज दोन प्रतीत, मग म्हणाले झेरॉक्सवाला बंद झाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी तिसरेच साहेब, पुन्हा पहिल्यापासून. "मॅडम, इथे चाळीस-चाळीस लाख गेलेले रांगेत आहेत." म्हणजे मी चाळीस लाख घालवून यायला हवं होतं? एफआयआर नाहीच, अर्जावर शिक्का तेवढा मिळाला. सरकारच्या सायबर तक्रार पोर्टलवर तक्रार 'प्रक्रियेत' आहे, जूनपासून. कुठल्यातरी खात्यात माझ्या पैशांपैकी १,१४० रुपये गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकील दोन हजार मागतो.

टोकन म्हणून पाचशेच्या वर कुणाला पाठवू नका, उरलेले तंबू बघून द्या. बाकीचे आधी मागणाऱ्याला शेंडीहून मुतखेलला कसं जायचं ते तोंडी विचारा. लोकेशन पाठवतो म्हणाला की फोन ठेवा.

काल जावेच्या फोनवरून पुन्हा शोधलं. नाव बदललंय, नंबर बदललाय, दर तोच १,२००. फोटोही तोच, तुंगाचा. खाली 'मान्सून स्पेशल' लिहिलंय, त्यामुळे आता निदान पाणी तरी मोसमाला जुळतंय.