सळई बांधण्याचे बॅटरीवरचे यंत्र : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने रत्नागिरीजवळच्या आमच्या दोन बांधकामांवर हे यंत्र वापरात आहे. त्याआधी आमचे फिटर, म्हणजे सळई बांधणारे कारागीर, सगळे काम हुकानेच करत असत. १८ गेजची तार दुहेरी करायची, दोन सळया जिथे एकमेकींवरून जातात तिथे ती तिरकी घालायची आणि फासात हूक अडकवून दोन-तीन पीळ द्यायचे.

दोन्ही दिशांनी दर १५० मिलिमीटरवर सळई असलेल्या १,००० चौरस फुटांच्या स्लॅबमध्ये असे चार हजारांहून अधिक छेद येतात. एकाआड एक बांधले तरी दोन हजार गाठी होतात आणि त्यातली प्रत्येक गाठ कमरेत वाकून मारावी लागते. यंत्राला लांब दांडा जोडल्यापासून हे काम उभ्याने होते. आमच्या सर्वांत जुन्या फिटरना स्लॅब बांधून झाल्यावर कंबर धरून जिना उतरावा लागे, तो त्रास आता बराच कमी झाला आहे. माझ्या दृष्टीने यंत्र घेण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. वेळ वाचतो तो वेगळाच.

गाठीमुळे काँक्रीटची ताकद वाढत नाही. ओतताना, त्यावरून माणसे चालताना आणि काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर फिरताना सळई जागची हलू नये, एवढेच तिचे काम असते. ८ आणि १० मिलिमीटरच्या जाळीवर यंत्राची ०.८ मिलिमीटरची तार हे काम चोख करते. कॉलममध्ये मात्र १६ मिलिमीटरच्या दोन सळयांचा जोड आणि त्यावर उभ्या सळयांना वेढणारी रिंग आली की यंत्राचे तोंड बसत नाही, आणि जिथे बसते तिथेही रिंग खाली घसरते. जमिनीवर बांधून चौघांनी उचललेली फुटिंगची (कॉलमच्या पायाची) जाळीही कोपऱ्यांत सैल झाली, म्हणून कोपरे आम्ही पुन्हा हुकानेच बांधले.

तारेच्या टोकांकडे लक्ष द्यावेच लागते. खाऱ्या हवेच्या आमच्या भागात स्लॅबला ३० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ठेवतो. त्यात टोक खाली डोकावत राहिले तर पुढे छताला गंजाचे डाग पडतात. यंत्राची टोके आखूड असतात, तरीही ओतण्यापूर्वी एक माणूस ती आत वळवत संपूर्ण जाळीवरून फिरतो.

जुलैत यंत्राच्या तारेची रिळे शेडमध्ये उघडी राहिली, वरचे वेढे गंजले आणि तार यंत्राच्या तोंडात अडकून अर्धा दिवस गेला. त्या दिवशी स्लॅब हुकानेच पूर्ण झाला. तेव्हापासून रिळे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि रोज संध्याकाळी तोंड ब्रशने साफ करतो. एका रिळात साधारण दीडशे गाठी होतात आणि सुट्या तारेच्या मानाने हे रीळ बरेच महाग पडते.

आमच्याकडे फिटरांची मजुरी बांधलेल्या सळईच्या किलोवर ठरते. यंत्र आल्यावर दर कापला जाईल, ही त्यांची भीती रास्त होती. तो दर आम्ही आहे तसाच ठेवला आहे.