नाणी जमवायची ती इतिहासासाठी की नफ्यासाठी? कोकणातल्या नव्या संग्राहकासाठी एक तुलना

कोकणात जुनी नाणी शोधायला लांब जावे लागत नाही. देवघरातल्या ताम्हनात एखादी शिवराई असते, आजीच्या पेटीत राणीछाप रुपये असतात, एखाद्या घरी पुतळ्यांची माळही निघते. त्यात भर घालून संग्रह करावा असे वाटू लागले की प्रश्न येतो: हे इतिहासाच्या ओढीने करायचे, की पुढेमागे चांगल्या भावात विकता येईल म्हणून? आंब्याचा हंगाम बरा गेला म्हणून हातात थोडे पैसे असलेल्या बागायतदाराला हा प्रश्न पडतो, तसाच पहिला पगार झालेल्या मुलीलाही.

माझे मत आधीच सांगतो. काय घ्यायचे ते इतिहासाला ठरवू द्यावे, किती द्यायचे ते बाजाराला विचारावे, आणि पाच-दहा वर्षांत ज्या पैशांची गरज लागणार आहे ते नाण्यांत घालू नयेत. दोन्ही वाटा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की हे मत कुठून आले ते कळेल.

शिवराई: जिथे दोघांची वाट बराच वेळ एकच असते

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाने नाणी पडू लागली. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. पण सगळ्या शिवराया सारख्या नाहीत. कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’. कुठे ‘पति’ ऱ्हस्व, कुठे ‘पती’ दीर्घ. बिंदूंची मांडणी वेगळी, चिन्हे वेगळी. पुढे पेशवाईत हेच नाणे पडत राहिले. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या शिवराईला संग्राहक दुदांडी म्हणतात, आणि आज घरोघरी सापडते ती बहुतेक हीच. त्या काळी टांकसाळ सरकारीच असेल असे नव्हते. नागोठणे, रेवदंडा अशा कोकणातल्या ठिकाणी खाजगी लोकांनाही नाणी पाडण्याच्या सनदा मिळालेल्या होत्या.

नफ्याच्या नजरेने पाहणारा विचारतो की यातली दुर्मीळ कोणती आणि अक्षरे किती स्वच्छ आहेत. इतिहासाच्या नजरेने पाहणारा विचारतो की हे अक्षर असे का, हा ठसा कोणाचा. गंमत अशी की दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागलेल्या माणसाला पहिल्याचे उत्तर आपोआप मिळते. डीलरच्या ट्रेमध्ये ढिगाने पडलेल्या शिवरायांतून वेगळा ठसा तोच उचलतो, कारण त्याने शेकडो ठसे डोळ्यांखालून घातलेले असतात. केवळ गुंतवणूक म्हणून आलेल्याला हे जमत नाही. तो दुसऱ्याच्या सांगण्यावर पैसे मोजतो, आणि सांगणारा बहुतेक वेळा विकणाराच असतो.

फरक पडतो तो साध्या, झिजलेल्या दुदांडीपाशी. बाजारात ती किरकोळ किमतीला मिळते, आणि ती अशी विपुल आहे की भाव फारसा चढणार नाही. नफ्याच्या हिशेबात तिला जागा नाही. माझ्या हिशेबात मात्र ती पहिली खरेदी असावी. ज्या नाण्याने आपल्या गावच्या बाजारात मीठ-मिरची घेतली गेली ते शे-दोनशे रुपयांत हातात धरता येते, याहून स्वस्त इतिहास मला माहीत नाही.

सोन्याच्या होनाबद्दल एकच वाक्य पुरे: अस्सल शिवकालीन होन इतका दुर्मीळ आहे की ओळखीच्या ओळखीतून कोणी तो ‘घरातला’ म्हणून दाखवू लागले, तर तो नकली आहे असे धरूनच पुढे बोलावे.

राणीछाप रुपया आणि पुतळी: धातूचा भाव की नाण्याचा

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा, आणि त्यात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया निकेलचा. हे आकडे पाठ असले तर सराफाकडे फसगत होत नाही. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचे वापरून झिजलेले रुपये बहुतेक चांदीच्याच भावाने जातात, क्वचित थोडे वर. १९३९ सालचा रुपया मात्र दुर्मीळ आहे आणि म्हणूनच सालाचे आकडे खोडून बनवलेले १९३९ बाजारात फिरत असतात. शुद्ध फायद्याचाच विचार असेल तर हे रुपये निदान मोडता येतात. नाणे म्हणून गिऱ्हाईक मिळाले नाही तरी चांदी उरते. तांब्याच्या जुन्या नाण्यांना हा आधार नाही.

पुतळीचे गणित उलटे आहे. पुतळी म्हणून आपण ओळखतो ते मूळचे व्हेनिसचे डुकाट, साधारण साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. अरबी समुद्रातल्या व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे नाव पुतळी पडले, माळेत ओवले गेले, आणि मागणी इतकी की इथल्या सोनारांनी नकला पाडल्या. माळेतल्या पुतळीला कडी जोडलेली असते. कडी जोडली की नाणे म्हणून किंमत घसरते, म्हणून डीलर नाक मुरडतो आणि सोनार वजन करून वितळवायला तयार असतो. इथे मी ठामपणे इतिहासाच्या बाजूने आहे. १७९७ ला संपलेल्या प्रजासत्ताकाचे नाणे कोकणातल्या एका सुनेच्या गळ्यात कसे आले याचा पुरावा ती कडीच देते. घरची माळ मोडायची वेळ आलीच, तर आधी प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, वजने लिहा आणि एखाद्या जाणकाराला दाखवा. अस्सल डुकाट आणि स्थानिक नक्कल यांतला फरक सोनाराच्या तराजूवर कळत नाही.

नाणे सापडले कुठे, ही नोंद

आता जिथे दोन्ही वाटा खरोखर फाटतात त्या जागेकडे येतो.

१८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा (आजच्या नालासोपाऱ्याजवळचा) बौद्ध स्तूप खणला. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, अवशेष, सोन्याची फुले, आणि एक चांदीचे नाणे. नाण्यावर राजाचा चेहरा आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव. हे एकटे नाणे एखाद्या लिलावात आले असते तर सातवाहनांचे एक चांगले नाणे एवढीच त्याची ओळख झाली असती. पण ते त्या पेटीत सापडले असे लिहून ठेवलेले असल्यामुळे पेटी केव्हा बंद झाली याचा अंदाज बांधता आला, ती यज्ञ सातकर्णीच्या आधीची नाही हे कळले. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

नफ्याच्या बाजारात नेमकी हीच माहिती गळून पडते. नांगराला लागलेली नाणी गावातल्या माणसाकडून भंगारवाल्याकडे, तिथून तालुक्याच्या सराफाकडे, तिथून मुंबईच्या डीलरकडे जातात, आणि प्रत्येक हात गावाचे नाव मुद्दाम विसरतो. दाभोळच्या किनाऱ्यावरची लारी घ्या. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेले हे नाणे मूळ इराणातल्या लार गावावरून नाव घेऊन आले आणि विजापूरच्या आदिलशहांनीही ते पाडले. दाभोळ हे त्यांचे मोठे बंदर. एक सुटी लारी म्हणजे पावणेपाच ग्रॅमच्या आसपासची चांदी आणि अर्धवट अक्षरे. अमुक खाडीकाठच्या अमुक गावात एका मडक्यात इतक्या लाऱ्या आणि सोबत ही दुसरी नाणी, असे कळले तर बंदरातला माल डोंगराच्या पायथ्यापर्यंत कसा पोचत होता ते दिसू लागते.

नोंद ठेवायला पैसे लागत नाहीत. कोणाकडून, कोणत्या गावातून, केव्हा, सोबत काय होते, एवढे चार रकाने. विक्रीसाठीच नाणी घेणाऱ्याने ते भरले तरी माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. उलट अशी नोंद असलेल्या नाण्यावर खरेदीदाराचा विश्वास बसतो.

कायदा दोघांना एकच

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवले तर आपला वाटा जातो आणि १ वर्षापर्यंत कैद किंवा दंडही होऊ शकतो. धन बिनवारशी ठरले आणि वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला ते स्वतःकडे घ्यायचे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देते. तांब्याच्या नाण्यांसाठी ही भरपाई अगदीच तुटपुंजी आहे, आणि लोक नाणी लपवतात त्याचे मोठे कारण तेच असावे असे मला वाटते. कायदा बदलायला हवा. तो बदलेपर्यंत मात्र शेतात सापडलेले नाणे परस्पर विकत घेऊ नका.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. दुबईच्या नातेवाइकाकडून चढा भाव मिळवण्याचा बेत इथेच संपतो.

पावसाळा

मुंबई-पुण्याच्या पुस्तकी सल्ल्यात हे क्वचित येते. जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे तांब्याची नाणी सुखरूप कशी राहतील? खाऱ्या हवेतले क्लोराइड तांब्यात शिरले की फिकट हिरवी भुकटी सुटत राहते आणि नाणे पोखरले जाते. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि पावसाळ्यात मधून मधून तपासणी, एवढे हवेच. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे टाळा. ती स्वतःच नाण्याला हिरवा चिकट थर आणतात.

आणि आमसूल लावू नका. देवाची भांडी आमसुलाने लखलखीत करायची आपली सवय चांगली आहे, पण त्याच हाताने घासलेल्या शिवराईचा जुना तपकिरी थर जातो, त्यासोबत अक्षरांच्या कडा जातात आणि बाजारातली किंमतही. नफेखोराचे आणि अभ्यासकाचे शंभर टक्के एकमत असलेली ही एकच गोष्ट असेल.

विकायची वेळ आल्यावर

डीलर ज्या भावाने विकतो त्या भावाने परत घेत नाही. लिलावात कमिशन जाते. नाण्याला गिऱ्हाईक मिळायला महिने लागतात. शेअर किंवा सोने जसे सकाळी मनात आले आणि संध्याकाळी मोडले, तसे इथे होत नाही. म्हणून सरकारी टांकसाळीचे स्मारक संच ‘पुढे भाव येईल’ म्हणून घेण्याच्या मी विरोधात आहे. आवडले तर घ्या. १९९९ चे शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे कितीतरी घरांत कौतुकाने ठेवले आहे आणि ठेवावे, पण त्याने मुलीचे लग्न होणार नाही.

वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात, असे मोबाइलवर फिरते. ते २०१२ चे साधे चलनातले नाणे आहे. अशा जाहिरातींतून आधी ‘शुल्क’ आणि ‘कर’ मागितला जातो, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल जाहीर इशाराही दिला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे, १८१८ सालचे रामदरबाराचे नाणे म्हणजे कंपनीने कधीच न पाडलेले नाणे. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढून घेते म्हणून चमत्कारी ठरवलेले नाणे ही तर सरळ लूट. या सगळ्यांत सापडतो तो केवळ नफ्यासाठी आलेला माणूस. ज्याने कंपनीची चार खरी नाणी हातात घेतली आहेत तो दुरूनच ओळखतो.

मग कोणी काय करावे

घरात वारशाने आलेली नाणी असतील आणि पैशांची निकड असेल, तर विका, त्यात कसलाही कमीपणा नाही. चांदीचे झिजलेले रुपये आधी, शिवराया आणि पुतळ्या सगळ्यांत शेवटी, आणि निदान दोन डीलरांचे भाव घेतल्याशिवाय एकही नाही. निकड नसेल आणि नव्याने सुरुवात करायची असेल, तर विषय अरुंद घ्या: फक्त शिवराई, किंवा गोव्याच्या पोर्तुगीजांचे रुपिया आणि तांगा, किंवा आपल्याच तालुक्यात चाललेली नाणी. अरुंद विषयात डोळा लवकर तयार होतो. दुहेरी आलेली नाणी विकून नवी घ्या; संग्रह असाच स्वतःचा खर्च काढतो, आणि एवढ्यापुरता नफा मला पूर्ण मान्य आहे.

पहिली मोठी खरेदी करण्याआधी मुंबईला गेलात की फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय पाहा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथेही एक दिवस काढा. खिशात एक छोटा डिजिटल काटा असू द्या, शतांश ग्रॅम दाखवणारा. शिवकालीन शिवराई म्हणून दिलेले नाणे आठ ग्रॅम भरले, किंवा कडेवर साच्याची रेघ, म्हणजे ओतीव नकलेची खूण, दिसली, तर विकणारा कितीही ओळखीचा असो, ते परत ठेवा.