लायबेरियातल्या गावासाठी हापसा: मार्क-टू की आफ्रिदेव?

लायबेरियातलं चौदा वर्षांचं यादवी युद्ध २००३ च्या अक्रा करारानं थांबलं, पण रस्ते आणि सरकारी यंत्रणा पार कोलमडली होती. बोअरला पाणी लागतं. बिघडलेला हापसा दुरुस्त कोण करणार, तिथं घोडं अडतं.

मार्क-टू आपल्या ओळखीचा, जालना-सोलापूरच्या पंपांतून घडलेला. त्याचं डोकं दणकट, दिवसभर हापसलं तरी साखळी आणि बेअरिंग दाद देत नाहीत. पाणी ४५ मीटरच्या खाली असेल तर आफ्रिदेव या दुसऱ्या जातीच्या हापशाचा विचारच नको.

पण दट्ट्याचे वायसर झिजतातच. मार्क-टूत तेवढ्यासाठी सगळी पाइपलाइन वर काढावी लागते. तीस मीटरला तीन-तीन मीटरचे दहा जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप, आत पाणी आणि सळया. वजन शंभर किलोच्या बरंच पुढं. तिपाई, क्लॅम्प, चार-पाच माणसं आणि हे सगळं आणायला गाडी. पावसाळ्यात लाल मातीच्या रस्त्यावर ती गाडी रुतते आणि वीतभर रबरासाठी आख्खं गाव पुन्हा ओढ्याचं पाणी पितं. माझं मत इथंच फिरलं.

आफ्रिदेवची पाइप जागेवरच राहते. झाकण उघडा, दांडा काढा, आकड्यांनी जोडलेल्या सळया हातानं एकेक वर घ्या. दट्ट्या बाहेर येतो. मग सळयांच्या टोकाला गळ लावून खालची झडप ओढा. सील आणि ओ-रिंग (रबरी कडी) बदला, की झालं. पाणी भरणाऱ्या दोघी बायका हे शिकून घेतात.

पाणी आम्लधर्मी, म्हणजे त्याचा पीएच ६.५ च्या खाली असेल तर जीआय गंजतं, पाणी तांबडं येतं, भाताला वास लागतो. आफ्रिदेवच्या पीव्हीसीला ती भीती नाही.

त्याची दुखरी जागा म्हणजे पाइपचे सांधे. टोकं घासून, पुसून, अगदी कोरडी करूनच पाइप चिकटवायचं सोल्युशन लावायचं आणि ते पुरतं सुकल्याशिवाय पाइप खाली सोडायची नाही. भर पावसात घाईनं चिकटवलेला सांधा पुढं सुटतो, आणि तळातली पाइप काढायला मग मिस्त्रीच लागतो. दांडा ज्यात फिरतो ते प्लास्टिकचे बुशही वर्षाकाठी बदलावे लागतात.

जागा पाहूनच ठरवावं, पण ४५ मीटरच्या आत माझा कल आफ्रिदेवकडे. घेताना दोन वर्षांचे सील, ओ-रिंग, बुश आणि तो गळ सोबतच घ्या, आणि गावातल्याच बाईच्या घरी ठेवा. तालुक्याच्या कपाटात ठेवलेला गळ पावसाळ्यात कुणाच्याच हाती लागत नाही.