मागच्या रांगेतलं बोलणंही टाइप करून देणाऱ्या ताई

मराठी मुलाखतींचं, गटचर्चांचं किंवा सभांचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं टाइप करून हवं असेल, तर पुण्यात शनिवार पेठेतल्या ताईंकडे जा. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. पाटी नाही, जाहिरात नाही, आहे तेवढं काम त्यांना पुरतं. संशोधन करणाऱ्यांमध्ये चार ठिकाणी विचारलंत की नंबर मिळतो.

आधी माझं काम काय ते सांगते, म्हणजे मी कशावरून तारे देते आहे ते कळेल. गावाच्या कारभाराचे निर्णय होतात तेव्हा १५ ते २९ वयाची मुलंमुली नेमकी कुठे असतात, हा माझा विषय. वयोगट मी ठरवलेला नाही, राष्ट्रीय युवा धोरण २०१४ मधला आहे. फील्ड सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातलं. १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, त्यामुळे कागदोपत्री चित्र झकास आहे: १८ पूर्ण, मतदार यादीत नाव, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. अर्ज नको, फी नको. (सरपंच किंवा सदस्य व्हायला मात्र २१ लागतात.) आता हे सदस्य सभेत काय बोलले हे शोधायला इतिवृत्ताची वही उघडली, तर आत सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर'. वर्षानुवर्षं सर्वानुमते. त्यामुळे सभांचं रेकॉर्डिंग करण्यावाचून इलाज नव्हता, आणि रेकॉर्डिंग केलं की ते टाइप करणं आलं.

पहिल्यांदा मी मोबाइलवरचं एक फुकट ॲप वापरलं. एकट्या माणसाची शांत खोलीत घेतलेली मुलाखत त्याने बरी उतरवली, खोटं कशाला बोलू. पण देवळाच्या सभामंडपातली ग्रामसभा म्हणजे पंखा, चिमण्या, माइकची शिट्टी आणि एकाच वेळी बोलणारी सहा माणसं. त्यात ॲप ज्याचा आवाज मोठा त्याचंच ऐकतं, आणि उरलेल्यांचं बोलणंही त्याच्याच तोंडी घालतं. शिवाय सगळ्यांना पुस्तकी मराठी बोलायला लावतं. एका सभेचा तुकडा त्याने असा दिला: 'मंदिरामागच्या खोलीत अभ्यासिका करा. हो बघू. भाऊसाहेब लिहून घ्या. गेल्या वेळी लिहिले होते.' वाचून वाटतं, सरपंचांनीच अभ्यासिकेचा विषय काढला आणि मार्गी लावला.

तोच तुकडा ताईंकडून आला तो असा ('त-४' हा एका तरुण सदस्याचा नावाऐवजीचा संकेत):

त-४: द्येवळामागच्या खोलीत अभ्यासिका करा म्हणलं हुतं आमी.
सरपंच: हां, बघू. भाऊसाहेब, घ्या लिहून.
(खुर्च्या सरकवल्याचा आवाज. चहा आल्याचं कुणीतरी सांगतं.)
त-४: मागल्या बारीलाबी लिवलंच हुतं की.
(मागून हशा. उत्तर नाही.)

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं विचारणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत. ॲपच्या कागदावरून मी हा प्रसंग पाचव्या पायरीवर ठेवला असता: विचारलं, ऐकलं, नोंद घेतली. ताईंच्या कागदावरून तो तिसरीच्या वर जात नाही. म्हणजे टायपिंग कुणी केलं यावर निष्कर्ष दोन पायऱ्या वरखाली होतो. संशोधनपद्धतीच्या वर्गात सॅम्पलिंगवर, म्हणजे माणसं कशी निवडायची यावर, तास न् तास घालवतात, पण हे कुणी सांगत नाही.

ताई निवृत्त आहेत, उभी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून झाली. साक्षीदार बोलला तेवढंच आणि तसंच लिहायचं, ही सवय हातात मुरलेली. 'उत्तर नाही' हे त्या इतक्या सहज लिहितात की वाचणारा दचकतो. बोली सुधारत नाहीत. माणदेशी, म्हणजे सांगोल्याकडच्या बोलीतला, शब्द अडला तर कंसात प्रश्नचिन्ह टाकतात आणि रात्री फोन करून विचारतात, "अहो, हे 'आमास्नी' बरोबर ऐकलं ना मी?" मी सोलापूरकडची, त्या जन्माच्या पुणेकर, त्यामुळे या फोनवर दोघींची करमणूक होते.

महिला सभेच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी जे पकडलं ते माझ्या फील्डवहीतही नव्हतं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तशी ती त्या गावात झाली होती. मी तिथे हजर होते, आणि माझ्या टिपणात 'मुली गप्प' एवढीच नोंद. ताईंनी हेडफोन लावून ऐकलं आणि लिहिलं: '(त-७ हळू आवाजात काकूंना काहीतरी सांगते, "सकाळची यष्टी" एवढं ऐकू येतं. काकू लगेच मोठ्यानं सकाळच्या एसटीची वेळ बदलायची मागणी करतात.)' पुढे आणखी दोनदा तेच, दुसऱ्या मुलींचं. मुली बोलतच होत्या, फक्त शेजारच्या काकूंच्या तोंडून. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण आता यावर उभं आहे. मग नंतरच्या मुलाखतीत मी मुलींना हेच विचारलं, तर एक म्हणाली, "काकूंचं घर हितलंच हाय. माझं कुटं असंल ते ठरायचंय अजून."

अशा कामाला ताई जास्त पैसे घेतात आणि ते योग्य आहे. दर असा: एकट्याची मुलाखत मिनिटाला २० रुपये, गटचर्चा किंवा सभा ३५. तासाभराची सभा २,१०० रुपयांना पडते. विद्यार्थ्याच्या खिशाला हे झोंबतं. म्हणून मी मुलाखती स्वतः टाइप करते आणि फक्त सभा त्यांना देते. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेची दहा मिनिटंसुद्धा द्या, टाकू नका. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी तो आकडा. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तोही लागत नाही. कोण कधी उठून गेलं आणि कुणाला थांबवून घेतलं, हे त्या दहा मिनिटांत ऐकू येतं. तरुण पोरं हटकून 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत ताटकळलेली असतात आणि तोवर माइक बंद झालेला असतो. माइक बंद झाल्यानंतरच्या भागाचे ताई वेगळे पैसे लावत नाहीत, खरं तर लावायला हवेत.

गुप्ततेच्या बाबतीत चोख. माझ्याकडे १५ ते १७ वयाची मुलंही आहेत, त्यांच्या पालकांची लेखी संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार असं दोन्ही घेतलंय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालकच धरतो. असलं रेकॉर्डिंग फुकट ॲपच्या हवाली करून ते कुठल्या सर्व्हरवर जातं याचा विचार न करणं मला आता पटत नाही. ताई पेनड्राइव्हशिवाय फाइल घेत नाहीत, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. नावांच्या जागी संकेत लिहितात आणि काम संपलं की आपल्यासमोर फाइल पुसतात.

आता तक्रारी. पहिली मोठी: त्या शिव्यांच्या जागी टिंबं टाकत होत्या! व्यायामशाळेच्या निधीवरून पोरं भडकली होती आणि कागदावर नुसती टिंबांची रांग. मी सांगितलं, ताई, राग हाच माझा डेटा आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं, लिहिते. पण संध्याकाळी दिवेलागणीला नाही, सकाळी लिहीन." तेव्हापासून सगळं अक्षरशः येतं. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

दुसरी: न सांगता दिलंत तर त्या जुन्या सवयीने श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात आणि कोडिंगच्या, म्हणजे मजकुराला विषयवार खुणा लावायच्या, सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल म्हणजे नुसती अक्षरांची भेळ दिसते. युनिकोडमध्येच मागा. वेळेच्या खुणा दर दोन मिनिटांनी असतात, मला एका मिनिटाने हव्या होत्या. त्यावर सपशेल नकार. आणि पक्कं बिल मिळत नाही. साध्या कागदावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून पावती देतात. माझ्या फेलोशिपच्या हिशोबात ती अडली आणि शेवटी पैसे खिशातून गेले. प्रकल्पातून खर्च दाखवायचा असेल, तर आधी तुमच्या ऑफिसला विचारा.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पावतीसाठी, शिव्यांचा हिशेब मिटला आहे.

जाताना एवढं करा. ऑडिओबरोबर बसण्याचा कच्चा नकाशा द्या, कोण कुठे बसलं होतं आणि रेकॉर्डर कुठे ठेवला होता तो. गटचर्चा असेल तर सुरुवातीला प्रत्येकाला आपापला संकेत एकदा मोठ्याने म्हणायला लावा. दुसरा रेकॉर्डर असेल तर तो मागच्या रांगेत, चपलांपाशी ठेवा. मार्च ते मे प्रबंधांची गर्दी असते, तेव्हा नवं काम घेत नाहीत. दुपारी एक ते चार फोन करू नका, उचलत नाहीत, आणि नंतर चिडतात ते वेगळंच.