रुग्णालयाचं सॉफ्टवेअर: मायक्रोसर्व्हिसेस की मॉड्युलर मोनोलिथ?

मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, असं धरून चालतो. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरची रचना ठरवायची वेळ तुमच्यावर आली असेल, तर दोन्ही रचनांवर काही वर्षं काम केलेल्या माणसाचा अनुभव उपयोगी पडावा. आमची पहिली प्रणाली मायक्रोसर्व्हिसेसची होती. नोंदणी, ॲलर्जी, औषधं, प्रयोगशाळा, बिल या सगळ्यांच्या सर्व्हिसेस वेगळ्या आणि प्रत्येकीचा डेटाबेस स्वतंत्र. दुसरी मॉड्युलर मोनोलिथ, म्हणजे एकच ॲप्लिकेशन आणि एकच डेटाबेस, पण आत मॉड्यूलांच्या भिंती पक्क्या.

मायक्रोसर्व्हिसेसनी दिलेलं सुख आधी सांगतो, कारण ते खरं होतं. प्रयोगशाळेतल्या यंत्रांशी बोलणारा भाग नेहमीच नाजूक असतो. सकाळी घेतलेल्या नमुन्यांचे रिपोर्ट एकदम यायला लागतात. एखादं यंत्र एचएलसेव्हनचा (आरोग्य प्रणालींनी एकमेकींना माहिती पाठवायच्या मानकाचा) अर्धवट मेसेज पाठवतं आणि तो वाचणारा प्रोग्रॅम कोसळतो. तो वेगळा असल्यामुळे बाह्यरुग्ण विभागाला त्याची झळ कधी लागली नाही. डायकॉम प्रतिमांचंही, म्हणजे एक्स-रे, सीटी स्कॅन वगैरेंच्या प्रमाणित फायलींचंही, तसंच: त्या इतक्या जड असतात की त्यांचा संसार वेगळा मांडणंच बरं. वाढत्या भाराचा मुद्दा मात्र आमच्यापुरता फारसा आलाच नाही.

अडलं ते एका जागी, आणि माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला: एकाच रुग्णाच्या दोन नोंदी एकत्र करताना.

बाहेरून पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण बेशुद्ध रुग्ण अपघात विभागात येतो तेव्हा त्याला तात्पुरता क्रमांक देतात. ओळख पटल्यावर कळतं की त्याची जुनी नोंद आहेच. नावाच्या स्पेलिंगमुळे झालेल्या दुहेरी नोंदी वेगळ्याच. ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की एचएलसेव्हनच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी ए40 हा स्वतंत्र मेसेज आहे. एचएलसेव्हनच्याच फायर या नव्या मानकातही ‘या नोंदीची जागा आता त्या नोंदीने घेतली’ असं सांगणारा दुवा रुग्णाच्या नोंदीतच ठेवता येतो.

एकाच डेटाबेसमध्ये हे काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. झालं तर सगळीकडे, नाही तर कुठेच नाही. आमच्या सर्व्हिसेसमध्ये नोंदणी विभाग ‘हे दोन क्रमांक एक झाले’ असा इव्हेंट क्यूवर (मेसेजांच्या रांगेत) टाकायचा आणि बाकीच्यांनी तो उचलून आपापली माहिती बदलायची. एके दिवशी ॲलर्जीच्या सर्व्हिसचा क्यू वाचणारा भाग अडकून पडला. इव्हेंट क्यूमध्ये तसाच राहिला. पेनिसिलिनची ॲलर्जी रद्द झालेल्या क्रमांकाखाली आणि औषध लिहिण्याच्या पडद्यावर ॲलर्जीची जागा कोरी. ‘ॲलर्जी नाही’ आणि ‘ॲलर्जीची माहिती पोचली नाही’ या दोन गोष्टी तिथे अगदी सारख्या दिसत होत्या. औषध देणाऱ्या परिचारिकेने रुग्णाच्या नातेवाइकांना विचारलं म्हणून निभावलं.

नंतर आम्ही करायचं ते सगळं केलं. बदल आणि त्याचा इव्हेंट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवणारं आउटबॉक्स टेबल आणलं, एका रुग्णाचे इव्हेंट क्रमानेच जातील अशी सोय केली, रोज रात्री सगळ्या सर्व्हिसेसचा ताळमेळ घेणारा जॉब लावला. त्याने फरक पडला. पण रात्रीचा जॉब दुपारची चूक रात्रीच दाखवणार. शिवाय नवी सर्व्हिस आली की तिच्या टीमला हा सगळा धडा पहिल्यापासून गिरवायला लागायचा. चुकून एक केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करणं तर याहून बिकट. साखळीतलं एखादं काम फसलं तर आधीची कामं उलट्या कामांनी मागे फिरवायची, ही ‘सागा’ची कल्पना गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी 1987 साली मांडली. बिलासाठी ती चांगली चालते. रुग्णाला दिलेला डोस मात्र मागे घेता येत नाही.

मॉड्युलर मोनोलिथचेही जाच आहेत. बिलातल्या एका ओळीसाठी सगळं ॲप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय करावं लागतं आणि वॉर्ड रात्रीही चालू असतात, त्यामुळे ‘निवांत वेळ’ अशी नसतेच. भिंतीही आपोआप टिकत नाहीत. घाईच्या दिवशी कोणीतरी दुसऱ्या मॉड्यूलच्या टेबलांवर थेट जॉइन लिहितंच. आम्ही प्रत्येक मॉड्यूलला वेगळा स्कीमा आणि वेगळा डेटाबेस युजर दिला, तेव्हा कुठे ते थांबलं. ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची मुक्त प्रणाली 2004 मध्ये सुरू झाली, तीही एक गाभा आणि त्याला जोडलेली मॉड्यूलं याच धाटणीची आहे.

तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. बऱ्याच स्वतंत्र टीम असतील किंवा तयार उत्पादनं जोडायची असतील, तर वेगळेपण आपसूकच येतं. बाह्मनी या रुग्णालयांच्या मुक्त प्रणालीत ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनईएलआयएस आणि बिलासाठी ओडू एकत्र नांदतात आणि त्यांच्यातली माहिती ॲटम फीडने, म्हणजे एकाने मांडलेली बदलांची यादी दुसऱ्याने वाचून, पोचते; तिथे दुसरा मार्ग सुचवणं अवघड आहे. नव्याने बांधत असाल, तर मात्र रुग्णाची ओळख, ॲलर्जी, औषधं आणि दाखल-डिस्चार्ज एकाच ट्रान्झॅक्शनच्या टप्प्यात ठेवावं, असं मला वाटतं. यंत्रांचे मेसेज, प्रतिमा, एसएमएस खुशाल बाहेर काढा.

आणि शेवटचा निर्णय घेण्यापूर्वी एक चाचणी करून पाहा. ॲलर्जी सांभाळणारा भाग मुद्दाम बंद ठेवा, दोन नोंदी एकत्र करा आणि लगेच औषध लिहिण्याचा पडदा उघडा.